पुस्तकात ठेवलेला कडुलिंब

मोटारी भरण्याच्या धंद्यानं माणूस संशयी होतो, असं आमच्या हिचं मत. पण मी धंद्याच्या आधीपासूनच तसा होतो. तीर्थपुरीत माझं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे मोटारींत तांब्याची नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन शेतकरी यायचा आणि म्हणायचा, "आपोआप बंद पडली." मी मनात म्हणायचो, हो, का नाही! टेस्टरचा दिवा लागल्याशिवाय मी कुणाचंच खरं मानलं नाही.

जवळच्या खेड्यातल्या आमच्या घरीही हाच कारभार. पोरगी चौथीत असताना आमच्या गावातल्या शाळेत वह्या न वाचताच तपासतात असा मला संशय आला. मी तिला एक गणित मुद्दाम चुकीचं सोडवायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्या गणितावर बरोबरची ऐटदार खूण! झालं. वर्ष संपताच तिला आणि दुसरीतल्या तिच्या भावाला मी शाळेतून काढलं. मी बीएस्सी झालेला, ही मॅट्रिक झालेली. म्हटलं, आपणच शिकवू. दुकान उघडायच्या आधी गणित-विज्ञान माझ्याकडे, दुपारी मराठी-इतिहास हिच्याकडे. ही नव्वदीतली गोष्ट. गावानं मला वेड्यात काढलं, पण गावावर तरी माझा विश्वास कुठं होता?

मग घरात पुस्तकं यायला लागली. तांब्याची तार आणायला जालन्याला गेलो की रद्दीच्या दुकानातून पोतं भरून आणायचो. अर्ध्या किमतीतली पाठ्यपुस्तकं, गाईडं, शेतकी मासिकं, कुठल्या तरी बंद पडलेल्या वाचनालयाचे शिक्के असलेली जाडजूड चरित्रं. घर दोन खोल्यांचं. गव्हाच्या कोठीवर पुस्तकं, बाजेखाली पुस्तकं, देवाच्या फळीवर देवांना जेमतेम जागा.

एक वर्ष असं गेल्यावर पोरगी एकदा जेवताना म्हणाली, "अण्णा, मला तीर्थपुरीच्या शाळेत जायचंय. सगळ्या पोरी जीपनं जाऊन राह्यल्यात."

मी म्हणालो, "घरात एवढी पुस्तकं असताना शाळा कशाला पाहिजे?"

तिनं कोठीवरच्या ढिगाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. पुन्हा तिनं शाळेचं नाव काढलं नाही. मला वाटलं, पटलं पोरीला. आयुष्यात एकदाच मी टेस्टर न लावता विश्वास ठेवला, आणि तोही नेमका नको तिथं.

तिसऱ्या वर्षी हिचा संयम सुटला. "कोठी उघडायची तर आधी ढीगभर पुस्तकं उतरवा. घरात माणसांनी ऱ्हायचं का पुस्तकांनी?" त्यात उंदरांनी एका शब्दकोशाचा 'क' पासून 'ग' पर्यंतचा भाग फस्त केला होता. पुस्तकं कमी करायला मी कबूल झालो, पण काढायची कोणती? पोरांना विचारलं तर ती खरं सांगतील कशावरून? त्यावर मी एक शक्कल काढली.

कीड लागू नये म्हणून पुस्तकात कडुलिंबाचा पाला आम्ही ठेवायचोच. त्या दसऱ्याला सरस्वतीची पूजा झाल्यावर मी प्रत्येक पुस्तकात, पहिल्याच धड्यावर, कडुलिंबाचं एकेक पान ठेवलं आणि पोरांना बजावलं, "उन्हाळ्यात बघणार. पान जसंच्या तसं सापडलं, म्हणजे ते पुस्तक कुणी उघडलं नाही. ते घरातून जाणार." पुस्तक हाताळलं की वाळलेल्या पानाचा भुगा होतो किंवा ते गळून पडतं. स्वतःच्या डोक्यावर मी भलताच खूश होतो.

मे महिन्यात दोन बाजा ओढल्या. एकीवर राहायची पुस्तकं, दुसरीवर जायची. जायची पुस्तकं तीर्थपुरीच्या वाचनालयाला देणार होतो. पहिल्या दिवशी जायचा ढीग छातीपर्यंत आला. ही आनंदात, आणि मी पोरांवर चिडलेला. एवढी पुस्तकं आणली, आणि कुणी उघडलीसुद्धा नाहीत!

दुसऱ्या दिवशी सातवीचं विज्ञानाचं पुस्तक हातात आलं. आत कडुलिंबाचं पान सबंध. पण या पुस्तकातून तर मी स्वतः सहा महिने शिकवत होतो. मग पान शाबूत कसं? ते उजेडात धरलं. कोवळं, पोपटी, कडेला जरा तांबूस. दसऱ्याला ठेवलेलं पान असं असतं होय? ही तर चैत्रातली पालवी. जायच्या ढिगातली आणखी दहा पुस्तकं उघडली. सगळीकडे तीच पालवी. कुणीतरी पानं बदलली होती.

पहिला संशय हिच्यावर. जागा तिलाच हवी होती. "हे तुझंच काम ना?"

"मला पानं बदलायला वेळ हाय का?" ती पीठ मळता मळता म्हणाली. "काढायचीच असती तर बंबात घातली असती."

तेही खरंच होतं. मग मी झाडाचा विचार केला. आसपास कडुलिंब एकच, शेजारच्या शिलाई करणाऱ्या भाभीच्या अंगणात. तिलाही दोन पोरं शाळेत जाणारी. आम्ही काढलेली पुस्तकं आपल्या पोरांना मिळावीत म्हणून तर नाही? जिच्याकडून आम्ही रोज विरजण आणायचो, तिच्या दारात मी ते पान घेऊन तरातरा गेलो.

"भाभी, तुमच्या झाडाचं पान माझ्या पुस्तकात कसं आलं?"

तिनं मशीन थांबवलं. "भाऊ, तुमची पोरगीच तर रोज पाला नेती. मी म्हणलं, किताबाला कीड लागली असंल."

मी ते पान मुठीत घेऊन तसाच माघारी आलो.

पोरगी ओट्यावर बसून फडक्यानं पुस्तकं पुसत होती. मी पान तिच्यापुढे धरलं. "हे तू ठेवलंस?"

"हो."

"ही पुस्तकं तू वाचलीच नाहीस?"

"सगळी वाचली. काही दोनदा."

माझा हात सवयीनं एका पुस्तकाकडे गेला. मधूनच उघडून मी विचारलं, रोहित्राचं काम काय? तिनं सांगितलं. इतिहासातलं विचारलं, तेही बिनचूक सांगितलं. तिसरं पुस्तक उचलणार तेवढ्यात आतून ही म्हणाली, "अजून तपासूनच राह्यले का?"

मी पुस्तक खाली ठेवलं. "मग न वाचल्यासारखं का दाखवलंस?"

तिनं फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "तुम्हीच म्हणल्ते, घरात पुस्तकं हायेत तर शाळा कशाला पाहिजे. मंग म्हणलं, पुस्तकं संपली की पाठवताल."

दोन वर्षं ती हे मनात धरून होती. मी जी पोतीच्या पोती कौतुकानं आणत होतो, ती एकेक तिच्या शाळेच्या वाटेत रचत होतो. मला लाज वाटली, आणि स्वतःचा रागही आला. वह्यांसाठी मी शाळेला सापळा लावला, पुस्तकांसाठी पोरांना लावला, पण तिला काय हवंय हे पुन्हा एकदाही विचारलं नाही.

राहायच्या बाजेवर अजून पाच-सात पाठ्यपुस्तकं होती. त्यांतल्या पानांचा भुगा झालेला. मी म्हणालो, "जूनपासून तू शाळेत जा. पोरींबरोबर जीपनं. आता भाभीकडून अजून पाला घेऊन ये. ह्यांच्यातही सबंध पानं घालू आणि सगळी देऊन टाकू."

ती जागची हलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणालो, "जा की."

तेव्हा तिनं हळूच विचारलं, "अण्णा, हे पण मला तपासायलाच बोलून राह्यले का? मी जाती का न्हाई ते?"

मी नाही म्हटलं, तरी तिनं ते का मानावं? मीच उठलो आणि मघाशी जिथं तावातावानं गेलो होतो, त्याच अंगणात गेलो. भाभी मशीनवरून उठून आली. मी पाला मागितला. तिनं काही न विचारता फांदी वाकवून धरली. पानं तोडता तोडता मागं बघितलं, तर पोरगी आमच्या दारात उभी राहून, मी खरंच तोडतो का, ते बघत होती.