कस्तुरीचं औषध

सुपडू आबा लग्नाच्या पंगतीत कधी जेवले नाहीत. आमच्या भागातल्या निम्म्या नवरदेवांना त्यांच्या घोडीनेच मांडवापर्यंत पोचवलं असेल, पण यजमानाने कितीही हात धरून ओढलं तरी आबा पानावर बसायचे नाहीत. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा आणि पोट पाठीला लागलेलं, अशा अवतारात मांडवाबाहेर लगाम धरून उभे. लोक म्हणायचे, म्हातारा मानी आहे. मीही तेच धरून चाललो होतो.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. धरणगावच्या बाजूला एका गावात मी जनावरांचा डॉक्टर होतो. नोकरी नवी, आणि अंगात पुस्तकी विद्येची मस्ती भरपूर. दिवस बैल, म्हशी आणि शेळ्यांमध्ये जायचा. घोडं म्हणाल तर आसपासच्या गावांत मिळून एकच, आबांची कस्तुरी. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, पांढरीशुभ्र. बायको गेल्यापासून आबांच्या घरात बोलायला तेवढीच होती. तिला कोणी जनावर म्हटलेलं त्यांना खपत नसे. पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा मी कागदावर नुसतं ‘घोडी’ लिहिलं, तर म्हणाले, “नाव लिखा ना साहेब. नाव शे तिले.” मी निमूटपणे नाव लिहिलं.

त्या वर्षी लग्नसराई ऐन भरात असताना कस्तुरी खंगायला लागली. दाण्याला तोंड लावायची आणि मध्येच सोडून द्यायची. उभ्या उभ्या दात खायची. पोटाचा पट्टा आवळला की चावायला वळायची, आणि ती कधी कोणाला चावलेली नव्हती. पोटात डोकावून बघायचं यंत्र आमच्याकडे कुठलं असणार? लक्षणांवरून ताडलं, पोटात अल्सर आहे. माणसांच्याच गोळ्या जळगावहून मागवल्या. मूठभर गोळ्या कुटायच्या आणि दिवसातून तीनदा द्यायच्या. “तेवढं पोटात गेलं पाहिजे आबा, बस्स,” मी म्हणालो. त्या ‘बस्स’ची मला अजून लाज वाटते.

कारण कस्तुरीएवढं चोखंदळ तोंड मी माणसांतही पाहिलेलं नाही. केळ्यात गोळ्या भरल्या. तिने केळं खाल्लं आणि गोळ्या धुऊन ठेवल्यासारख्या खाली टाकल्या. भुकटी करून गुळात मळली. तिने गुळाकडे पाहून नाक फेंदारलं आणि त्या दिवसापासून साधा गूळही सोडला. कळण्याच्या भाकरीत घातली, भिजवलेल्या हरभऱ्यात घातली. पाण्यात कालवली तेव्हा तर तिने दीड दिवस बादलीला तोंडच लावलं नाही. शेवटी आबांनीच घाबरून बादली घासली. मी चिडायचो. आबा मात्र जरा कौतुकानेच म्हणायचे, “घोडी मन्ही शे साहेब, पन मन तिनं शे.”

एकदा मी नाकातून नळी घालायला गेलो. नळी जुनी, माझा हातही कच्चा. कस्तुरीने मान झटकली, नाकातून रक्ताची धार लागली, आणि आबांनी माझं मनगट धरलं. त्यांनी मला हात लावल्याची ती एकच वेळ. “तुम्हनी नळी ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. माझ्या अंगातली मस्ती त्या दिवशी बरीच उतरली.

त्यानंतर चार दिवस आबा फिरकले नाहीत. मी समजलो, संपलं सगळं. राहवेना म्हणून सायकल काढून त्यांच्या घरी गेलो. अंगणात आबा मांडी घालून बसलेले, पुढ्यात औषध घालून कालवलेल्या कोंड्याचं घमेलं. त्यातला एक घास ते स्वतः खात होते. तोंड वेडंवाकडं होत होतं, पण खात होते. मग घमेलं कस्तुरीपुढे सरकवायचे. ती हुंगायची, त्यांच्या तोंडाकडे पाहायची, आणि एक घास घ्यायची. पुन्हा आबांची पाळी. मी ओरडलो, “आबा, तुमच्या पोटाचं काय होईल?” ते हसले. “कडू जहर शे साहेब, मी बी थुकी देतू. पन आधी मी खास, मंग ती खास.”

पंधरा-वीस दिवस असं चाललं. कस्तुरी दाणा खाऊ लागली, कातडीला चमक आली. मी खूश होतो, सगळ्यांना सांगत सुटलो होतो. मग आबा कस्तुरीला घेऊन एका लग्नाची वरात करून आले. शब्द फार आधी दिलेला होता, मीही अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. मी पोचलो तेव्हा कस्तुरी घामाने निथळत जमिनीवर लोळत होती. पोट आतून फुटलं होतं. माझ्या पेटीत त्यावर काहीही नव्हतं. दुपारी ती गेली.

गावाबाहेर खड्डा खणून तिला पुरलं. बाकीचे गेले, आम्ही दोघंच राहिलो. आबा स्वतःशीच बोलावं तसं बोलत होते. “काल सकायपाईन काडी नही दिधी तिले. मांडवना म्होरे लीद टाकी ते नवरदेवना बाप काय म्हनी? ती उपाशी, ते मी कसा जेवू? आम्ही दोन्ही उपाशीच ऱ्हातस.” दर लग्नाला असंच, वर्षानुवर्षं. घोड्याच्या पोटात आम्ल अखंड पाझरत असतं. चारा नसला की ते पोटालाच खातं. मी महिनाभर गोळ्या कुटायला सांगत होतो, आणि लग्नाच्या दिवशी तिला काय खायला घालता हे एकदाही विचारलं नव्हतं.

“मन्हं काय चुकनं साहेब?” आबांनी विचारलं.

“काही नाही आबा. तिचं आयुष्यच तेवढं होतं.”

ओली माती अंगाला लागलेल्या म्हाताऱ्याला दुसरं काय सांगायचं, असं मला तेव्हा वाटलं. मी स्वतःला फार दयाळू समजलो.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. तीनेक वर्षांनी दवाखान्यासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून आबा उतरले, मागे तांबडी घोडी. “हाई बी दात खास साहेब, कस्तुरीगत,” ते म्हणाले. माझ्यावर विश्वास म्हणून एवढ्या लांब आले होते. घोडीला हात लावताच मला कळलं की उशीर झालाय. पाचव्या दिवशी ती गेलीच. पण आबा आले त्याच दिवशी, तिथे उभ्या उभ्या मी एकदाचं सगळं सांगून टाकलं. उपास, आम्ल, लग्नाचे दिवस, सगळं.

आबा घोडीच्या मानेवर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, “मंग कस्तुरीले मीच मारं का?”

“तुम्हाला कुठे माहीत होतं आबा?”

“तुम्हले मालूम व्हतं?”

खोटं बोलायचा धीर आता उरला नव्हता. मी होकाराची मान हलवली. वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती समजूत घालायच्या सुरात म्हणाले,

“तुम्ही तव्हयच सांगतात, ते मी आयकतू, साहेब.”