जन्मजात देणगी

माझा धाकटा भाऊ परदेशात बॅले नाचायचा. तिकडच्या मोठमोठ्या रंगमंचांवर मुख्य नर्तक होता. सोलापुरात त्याचा सत्कार झाला, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते.

नाच मुळात माझा. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरून मी भरतनाट्यमच्या क्लासला जायची. संध्याकाळी पोरीनं नवी पेठेच्या गर्दीतून एकटं यायचं नाही, म्हणून वडील त्याला सोबत धाडायचे. तो दारात चपलांशेजारी बसून बघायचा आणि घरी आला की मागं लागायचा, "अक्का, मला दाखव की." वडील शाळेत शिकवायला गेले की आम्ही दार लावून घ्यायचो. अर्धं बसून गुडघे दोन बाजूंना उघडताना तो रडायचा. मी त्याला भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी गुडघे मागं रेटायची. कित्येक वर्षं रेटले. गल्लीतली पोरं त्याला 'बायल्या' म्हणायची, तेव्हा त्यांच्याशी भांडायलाही मीच.

पुढं क्लासच्या बाईंनी मुंबईतल्या एका बॅले शिबिराला आम्हा दोघांची नावं पाठवली. वडील म्हणाले, "पोरगा वाया जायचाच असेल तर जाऊ दे. पोरगी जाणार नाही."

एसटी स्टँडवर तो म्हणाला, "अक्का, जम बसला की तुला बोलावून घेतो."

शिबिरातल्या परदेशी शिक्षकानं त्याचे ते बाहेर उघडणारे गुडघे बघितले आणि त्याला आपल्या देशातल्या शाळेत नेलं. बॅलेत सगळं तिथूनच सुरू होतं म्हणे. माझं तोवर उजनीकाठच्या एका केळीवाल्या घरात लग्न झालं होतं. मालक मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघायचे. "बाईला एका हातानं उचलतोय की! लई ताकद हाय गड्यात." मी फक्त त्याचे गुडघे बघायची.

सत्काराच्या वेळी कुणीतरी विचारलं, पहिले धडे कुणाकडं घेतले?

"आमच्या घरात नाचातलं कुणालाच काही कळत नव्हतं," तो म्हणाला. "माझं शरीरच तसं होतं. जन्मजात देणगी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी समोर बघत राहिले.

माहेरच्या घरी आल्यावर मी त्याला विचारलंच. तो हसला. "अगं अक्का, स्टेजवर असंच बोलावं लागतं. लोकांना तेच आवडतं." मग गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं, आता नाचता येणार नसल्याचं सांगितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तो इथंच संस्था काढणार होता. "तू ये की. अ‍ॅडमिशन, पालकांचे फोन, सगळं बघशील. घरचं माणूस असलेलं बरं."

"आणि शिकवायला?"

"त्याला मुंबईहून मुली येणारेत. ट्रेनिंग झालेल्या."

मी पदर खोचला आणि निघाले. मोटारसायकलवर मालकांनी विचारलं, "काय म्हनत हुता?"

"हाताखाली माणूस पाहिजे म्हणत होता."

"मंग?"

"नाही म्हटलं."



दिवाळीनंतर संस्थेच्या उद्घाटनाचं निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. सगळ्या नातेवाइकांना एकदमच पाठवलेलं. मी गेले नाही.