रोशनचं शून्य

"मॅडम, डोकं लागलं म्हना. बस, एवढंच म्हना!"

भास्करभाऊ माझ्या कानात ओरडत होते आणि माझं बोट रोशनच्या डाव्या भुवईत होतं. भुवईवर नाही हं, भुवईत. कट एवढा खोल होता. रक्त सरळ डोळ्यात उतरत होतं. आणि माझ्याकडे होतं फक्त एक मिनिट.

थांबा, आधी सांगते मी तिथे काय करत होते.

मी मोताळ्याची प्रज्ञा. फिजिओथेरपिस्ट आहे. रोज गुडघे, मान, कापूस वेचून आखडलेल्या पाठी. पण आपल्या भागात कुठेही प्रोफेशनल बॉक्सिंगचा शो असला की मी कटमन म्हणून जाते. कटमन म्हणजे बॉक्सरचं रक्त थांबवणारा माणूस. बाई असली तरी कटमनच म्हणतात, मी वाद घालणं सोडलंय. दोन राउंडच्या मध्ये एक मिनिट मिळतं. तेवढ्यात पायऱ्या चढा, रक्त पुसा, औषधात बुडवलेली कापसाची काडी कटमध्ये दाबून धरा, वरून पेट्रोलियम जेली थापा, उतरा. सूज असेल तर बर्फातला लोखंडी तुकडा फिरवायचा. आम्ही त्याला इस्त्रीच म्हणतो, फक्त ही थंड असते. आणि लढतीच्या आधी हाताला पट्ट्या बांधायच्या. झालं. कोण जिंकलं, कोण हरलं, ते ठरवणं माझं काम नाही.

आणि त्या दिवशी भास्करभाऊंना माझ्याकडून नेमकं तेच हवं होतं.

भास्करभाऊ म्हणजे शोचे प्रमोटर. नांदुऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं लग्नाचं लॉन आहे. नवरा-नवरी बसतात त्या स्टेजसमोर त्यांनी रिंग टाकली होती. डीजे लग्नाचाच. बॉक्सरना कपडे बदलायला खोल्याही लग्नाच्याच! एका दारावर 'वरपक्ष', दुसऱ्यावर 'वधूपक्ष'. वरपक्षाच्या खोलीत कूलर होता. तिथे अर्थातच रोशन.

रोशन वडनेर भोलजीचा. आई-वडील शेती करतात. पोरगा तेवीस वर्षांचा, हात असे चालतात की डोळ्याला दिसत नाहीत. भास्करभाऊच त्याचे मॅनेजर. हेही छोट्या शोमध्ये चालतं, विचारू नका. बॉक्सरच्या नावापुढे दोन आकडे लिहितात, किती लढती जिंकल्या आणि किती हरल्या. रोशनच्या दुसऱ्या जागी शून्य होतं. आणि आजकाल प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये त्या शून्याला देवासारखं पुजतात. पोस्टरवर शून्य, रीलवर शून्य. दिल्लीच्या एका मोठ्या शोवाल्यांनी रोशनला बोलावलं होतं, टीव्हीवर दिसणार होता. अट एकच. शून्य घेऊन या.

आता शून्य सांभाळायची एक पद्धत आहे, आणि ती सगळ्यांना माहीत असते. समोर गजूभाऊसारखा माणूस आणायचा.

गजूभाऊ संग्रामपूरचे. चौतिशीतले, मालवाहू गाडी चालवतात. जिंकल्यात त्याच्या दुप्पट लढती हरलेत. असे बॉक्सर जगभर असतात. दुसऱ्याच्या गावात जायचं, चांगलं लढायचं, हरायचं, घरी यायचं. मैफल दुसऱ्याची. दुसरा कटमन गाडी पंक्चर झाली म्हणून अकोल्याकडेच अडकला, म्हणून दोन्ही बॉक्सरच्या पट्ट्या मलाच बांधायच्या होत्या. वधूपक्षाच्या खोलीत गेले तर गजूभाऊ आरशाला चिकटवलेल्या टिकल्या बघत बसले होते.

"मॅडम, इथं नवरीले बसवतात ना?"

"हो. हात द्या."

"मंग मी आज नवरी. जायाचं अन् रडत निंगायचं."

मी हसले. त्यांच्या बोटांची पेरं जाड झालेली, उजव्या हाताचं एक हाड वाकडं जुळलेलं. विचारलं तर म्हणाले, "सरकी."

"काय सरकी?"

"आमच्या टायमाले पंचिंग बॅग कुठं होती! पोत्यात सरकी भरली, निंबाले टांगली. पावसात भिजली की दगड होऊन जाय. तरी हानत राहो. पोलिसभरतीत खेळाडूले जागा भेटे ना, त्याच्यासाठी. मेडल आनलं की वर्दी." मग दुसरा हात पुढे करून म्हणाले, "मेडल आलं. उंची नाई आली."

तेव्हाचं बॉक्सिंग म्हणजे हेल्मेट, तीन राउंड आणि सर्टिफिकेट. आता हेल्मेट नाही, राउंड जास्त. आणि लढतीपेक्षा लढतीच्या आधीचंच जास्त! आदल्या दिवशी वजन करताना दोघांनी एकमेकांना ढकलायचं, कॅमेऱ्यासाठी. रोशनने ढकललं तेव्हा गजूभाऊ पडता पडता म्हणाले, "अबे हळू, चप्पल सुटली." रील तेवढ्यानेच चाललं.

"घरून कोणी आलंय का?" मी विचारलं.

"बायको हाय. पहिल्यांदा पाहून राह्यली. येवढे वर्ष बाहेर बाहेरच लढलो ना. आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदाच हाय हे." पट्टी बांधून झाली. त्यांनी मूठ वळून बघितली. "पन इथंबी मी बाहेरचाच हाय. पाहा ना, पोस्टरवर मायं नावच नाई."

खरंच नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. लढत सुरू होण्याआधी सत्कार. आपल्याकडे सत्काराशिवाय काही सुरू होतं का? पाहुणे चपला-बुटासकट रिंगमध्ये चढले. शाल, श्रीफळ, भाषणं. दोन्ही बॉक्सर घाम येईपर्यंत गरम झालेले, ते उभे राहून राहून थंड झाले. आणि मग एका उत्साही कार्यकर्त्याने रिंगच्या खांबाच्या पायथ्याशी नारळ फोडला. रिंगच्या आत! पाणी कॅनव्हासवर. मी ओरडले, "अहो पुसा ते!" कोणीतरी सत्काराच्याच शालीने पुसलं. पुसलं म्हणजे पसरवलं.

पहिला राउंड रोशनचा. दुसराही रोशनचा, पण गजूभाऊ मोडत नव्हते. ठोसे हातावर घ्यायचे, एक पाऊल मागे, मधेच एक उजवा. लॉनमधली पोरं ओरडत होती, "रोशन, झोपव बे त्याले!" मागून एकाच बाईचा आवाज येत होता. "हात वर ठेवा हो! हात वर!" मी वळून नाही बघितलं, पण ओळखलं.

तिसऱ्या राउंडच्या शेवटाला रोशनने त्यांना कोपऱ्यात कोंडलं. त्याच कोपऱ्यात, नारळाच्या. पुढे झेपावला आणि पाय घसरला. त्याचं डोकं खाली, गजूभाऊंचं डोकं खाली, गजूभाऊंचा उजवा हात मधे. एक धप्प असा आवाज. दोघं वेगळे झाले तेव्हा रोशनचा चेहरा लाल. बेल वाजली.

म्हणजे आपण पुन्हा त्या मिनिटात आलो.

रिंगचे डॉक्टर चढले, माझं बोट बाजूला करून बघितलं आणि म्हणाले, "पापणीपर्यंत गेलंय. लढत बंद."

आणि आता नियम ऐका, सगळं यावरच होतं. कट चुकून डोक्याला डोकं लागून झाला असेल आणि चार राउंड पूर्ण झालेले नसतील, तर लढतीचा निकालच नाही. जणू झालीच नाही. शून्य शाबूत, दिल्ली शाबूत. पण कट ठोशाने झाला असेल, तर ठोसा मारणारा जिंकला. म्हणजे गजूभाऊ.

रेफरी नागपूरचे. ते रोशनच्या पाठीमागे होते. त्यांना दिसलंच नव्हतं आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं. तीन जजपैकी एक म्हणाले डोकं, दोघं म्हणाले दिसलं नाही. लाइव्हचा कॅमेरा? तो त्या वेळी जायला निघालेल्या पाहुण्यांना हात जोडताना दाखवत होता. घ्या!

म्हणून भास्करभाऊ माझ्या कानात. "तुमी जखम पायली ना? तुमचं ऐकतील. पोराचं आयुष्य हाय मॅडम!"

ते खोटारडे नाहीत हो. या पोराला त्यांनी तीन वर्षं घरात ठेवून खाऊ घातलंय. त्यांना खरंच डोकं लागल्यासारखं दिसलं असेल. माणसाला हवं ते दिसतं.

रेफरींनी मला विचारलंच. "मॅडम, जखमेवरून काही सांगता येतं?"

माझे हात त्याच्या रक्ताने भरलेले. खरं सांगते, मला माहीत नव्हतं. भुवईच्या हाडावर कातडी फाटते तेव्हा ती कवटीने फाटली की ग्लोव्हने, हे नुसतं बघून कोणी सांगू शकत नाही. मी म्हटलं, "सर, नक्की नाही सांगता येत."

भास्करभाऊंनी कपाळावर हात मारला. रेफरी म्हणाले, "मग शंकेचा फायदा रोशनला, निकाल ना..."

"सर." स्टुलावरून रोशन उठला. मी दाबलेला कापूस निसटला. "ठोसा होता. उजवा. डोकं नाई लागलं."

"अबे चूप!" भास्करभाऊ किंचाळले. "सर, त्याले चक्कर आली! त्याच्या बोलन्यावर नका जाऊ!"

"रोशन, नक्की?" रेफरींनी विचारलं.

"मले लागलं ना सर. तुमाले कोनाले नाई लागलं."

लॉनमध्ये डीजेवाल्याने चुकून विजयाचं संगीत लावलं आणि लगेच बंद केलं. रेफरींनी दोघांना मधे बोलावलं. आणि गजूभाऊ कुठे उभं राहायचं तेच विसरले होते! नेहमीसारखे हरणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे. रेफरींनी त्यांचा हात धरून वर केला, तर ते रोशनकडेच बघत होते. टाळ्या कमी पडल्या. पण मागून एक बाई अशी ओरडली की डीजेची गरज नव्हती.

डॉक्टर रोशनला टाके घालत होते, तेव्हा गजूभाऊ वरपक्षाच्या खोलीत आले. ग्लोव्ह काढलेले, पट्ट्या तशाच.

"काऊन बोल्ला बे तू?"

रोशन डोळा मिटून पडला होता. "मंग काय बोलू?"

"अबे मलेच समजलं नाई काय लागलं ते! हात लागला का डोकं लागलं, देवाशपथ मले नाई माहीत. तू चूप राह्यला असता तर मी कायले बोल्लो असतो?"

"म्हनूनच," रोशन म्हणाला. "फक्त मलेच माहीत होतं."

 गजूभाऊ पलंगाच्या कडेला बसले. मग रोशनच म्हणाला, "पाय घसरला ना तो, गजूभाऊ. नाई तं तुमच्या हातात मी सापडलो असतो काय?"

"हाव ना," गजूभाऊ म्हणाले. "नारळानंच मारलं तुले. मी निस्ता हात लावला."

दोघं एवढे हसले की डॉक्टर चिडले.

दिल्ली गेली. फोन आला, दोन वाक्यांत संपला. भास्करभाऊ आठवडाभर रोशनशी बोलले नाहीत. पण जास्त वाईट गजूभाऊंचं झालं. तुम्हाला वाटेल, जिंकले म्हणजे बोलावणी वाढली. उलट! त्यांचा फोनच बंद पडल्यासारखा झाला. शून्यवाल्याला हरवणारा माणूस आपल्या शून्यवाल्यासमोर कोण उभा करेल? हरत होते तोवर सगळीकडे काम होतं. एका विजयाने गेलं. आमच्या धंद्याचा हिशोब असा आहे.

टाके काढायला रोशन माझ्याकडे आला तेव्हा मीच हे सांगितलं.  त्याने तिथूनच, माझ्यासमोर, भास्करभाऊंना फोन लावला.

"भाऊ, पुढची लढत गजूभाऊसंग पाह्यजे. संग्रामपुरात."

तिकडून काय शिव्या आल्या ते मी लिहीत नाही.

"आपल्या लॉनवर नाई, भाऊ. त्यायच्या गावात. अन् पोस्टरवर त्यायचं नाव वर."

पुन्हा शिव्या. मग भास्करभाऊंचा आवाज खाली आला. रेकॉर्डचं काय लिहायचं, असं विचारत होते. सरळ 'दमदार' वगैरे लिहू, हार कशाला दाखवायची?

"लिहा ना, एक हार," रोशन म्हणाला. "बाकीच्या लढतीतले मानसं तुमी निवडले होते. हे हार तेवढी मी निवडली."

लढत झाली. संग्रामपुरात, शाळेच्या मैदानावर, मागे सातपुडा. तिथे खोल्या नव्हत्या, दोघंही एकाच वर्गात कपडे बदलत होते आणि मी एकाच बाकावर दोघांचे हात बांधले. या वेळी पोरं गजूभाऊंच्या नावाने ओरडत होती. रोशन सगळे राउंड लढून पॉइंटवर जिंकला, थोडक्यात. संग्रामपूरकरांनी आधी जजना शिव्या दिल्या, मग रोशनला खांद्यावर घेतलं. गजूभाऊंना तर खाली उतरूच देत नव्हते. त्यांच्या बायकोने मला ओढत नेऊन झुणका-भाकर खाऊ घातली आणि विचारलं, "त्या पोराचं लग्न झालं काय हो?"

कोणी विचारलं, खरा चॅम्पियन कसा ओळखायचा, तर मला शास्त्रीय उत्तर येत नाही. मी कातडीचं बघते. एवढं सांगू शकते की रोशनच्या भुवईवर आता एक पांढरी रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत, आणि तो ती झाकत नाही.

बाकी शो भरवणाऱ्यांसाठी एकच सूचना आहे, आणि ती मी आता करारातच लिहून घेते. नारळ रिंगच्या बाहेर फोडा.