भिंतीवरचं लाटणं

टाळेबंदीत आमच्या बोईसरच्या चाळीतले सगळे पुरुष घरी बसले आणि इंदुबाईच्या जिवाची नुसती तगमग सुरू झाली. तिचा नवरा मारुती कारखान्यात बॉयलरवर होता. मुळातच घुम्या. दिवसभर भिंतीला टेकून बसायचा, तोंड उघडायचा ते जेवायला. "भाजी कशी झालीय?" विचारलं तर मान हलायची. ती हो म्हणायला की नाही म्हणायला, देव जाणे.

आणि शेजारी सोमी-जिव्या! मनोरजवळच्या पाड्यावरनं आलेलं नवं जोडपं. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळं सगळं ऐकू यायचं. भांडण, खिदळणं, परत भांडण.

"कान किटले गं," इंदुबाई नळावर मला सांगायची. किटले कसले, जळत होती ती! मी तिच्या दुसऱ्या अंगाच्याच खोलीत राहते, एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही.

शेवटी तिनं लाटणं घेऊन भिंतीवर दणादण हाणलं. पलीकडं सामसूम. मग दारात सोमी, तोंडाला पदर, हातात नाचणीची भाकर.

"काय काकू, बोलवलं ना?"

"मी कुठं बोलवलं?"

"आमचे पाड्यात कूड वाजवला म्हंजे बोलवणा हाय!"

आणि उंबऱ्यात बसली की फतकल मारून. इंदुबाईला तोंडावर काही बोलवेना. लाटणं वाजलं की सोमी हजर, असंच मग चालू झालं. वर सांगायची काय, तर जिव्या असं बोलला, जिव्या तसं बोलला. जळत्यात तेल.

एका दुपारी जिव्या बायकोला विचारत होता, "खरा सांग, मनोरचे बाजारात पयले कोण हसला? तू का मी?"

इंदुबाईचं डोकं फिरलं. येऊ दे सोमीला, आज तोंडावरच सांगते, म्हणून तिनं लाटणं उगारलं. मारुतीनं तिचं मनगट धरलं.

"थांब जरा," तो हळूच म्हणाला. "ती काय म्हणतीय ते ऐकू दे."

भिंतीकडं कान लावून तो गालात हसत होता.

दुसऱ्या दिवशी नळावर हे सांगताना इंदुबाई ढसाढसा रडली. हंडा भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"तिचा नवरा बोलतो, ते सोसलं गं मी," ती म्हणाली. "पण माझ्याला ऐकता येतं, हे मला कुठं ठाऊक होतं?"