दारावरचे हात

थिनरचा वास आला की मला कामोठ्यातली ती खोली आठवते. आमचं गाव विमानतळासाठी उठलं, तेव्हा धाकट्या भावाने घराचं सागवानी दार मला न विचारता एका चित्रकार पोरीला विकलं. पनवेलात भंगाराचं दुकान मी शून्यातून उभं केलंय, चार पैसे जास्तच आणले असते; पण राग त्याचा नव्हता. आमच्यात नवरी सासरी निघताना दारावर हळदीचे हात उठवते. ताईने त्या दारावर उठवले आणि वर्षाच्या आत ती वारली. तिचं तेवढंच उरलं होतं. मी तणतणत तिच्या कामोठ्यातल्या खोलीवर गेलो. पोरीचे अर्धे केस भादरलेले, उरलेले हिरवे. दारावर काळा रंग मारून तिने लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकातली देवी काढली होती. गळ्यात सायकलची चेन, नाकात नथीऐवजी सेफ्टी पिना. "आमचं दार हाय ते. बोल, कितीला देतेस?" मी ओरडलो. ती देवीकडेच बघत म्हणाली, "काका, हिचे हात मी काढलेले नाहीत. तीनदा काळा मारला, सकाळी परत वर येतात." तळवे लहान होते, डावी करंगळी ताईसारखीच वाकडी. मी बोट लावलं, तर ओली हळद लागली. "फुकट न्या, काका, पण न्या," पोरगी दारापासून मागे सरकली. फुकटची वस्तू मी आयुष्यात सोडली नव्हती, पण ते दार उचलायची माझी छाती झाली नाही. भावाशी मी आजही बोलत नाही. नाहीतर एकदा विचारलं असतं, दार काढताना त्याच्याही हाताला हळद लागली होती का.