देलिमाच्या तळघरातली शेगडी

आमच्या गल्लीतल्या देलिमा मिशोला सगळं गाव मातांत म्हणतं. मातांत म्हणजे मावशी. सख्खी भाची तिला एकच, तीही दूर, पण हाक मात्र सगळ्यांची. मी लग्न होऊन या गावात आले त्याला बावीस वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात तिने कुंपणावरून मला विचारलं होतं, "पोरी, तू दुधाचा वास घेऊन दूध आणतेस, की बाटलीवर लिहिलंय त्यावर विश्वास ठेवतेस?" मी म्हटलं, लिहिलंय त्यावर. तिने मान हलवली आणि आत गेली. माझ्याबद्दल तिचं जे मत झालं ते झालं.

तिचं आयुष्य बटाट्याच्या वखारीत गेलं. अडतीस वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून ती सडका बटाटा उचलत होती. वरून गुळगुळीत दिसणारा बटाटा आत काळा आहे हे तिला हात न लावता कळायचं. वखार सुटली, पण सवय सुटली नाही. त्या पट्ट्यावरून आता बटाट्यांऐवजी माणसं यायला लागली, एवढंच. वाण्याचा काटा, डॉक्टरची गोळी, चर्चमधल्या सोडतीची चिठ्ठी, कशालाच तिने कधी डोळे मिटून हो म्हटलं नाही. सरपणाची गाडी आली की ओंडक्यांच्या कापल्या तोंडांना निळ्या खडूने खुणा करून ठेवायची. कुणी एक जरी उचललं तरी कळलं पाहिजे. तिचा नवरा एलफेज शांत माणूस होता. तो म्हणायचा, "देलिमाशी लग्न केल्यापासून मला चोरांची भीती राहिली नाही, फक्त चौकशीची राहिली."

एलफेज गेला. मुलगा रेनो दूर दक्षिणेला कनेक्टिकटला कारखान्यात लागला, इथली निम्मी पोरं जातात तसा. मातांत एकटी राहू लागली.

त्या वर्षी सप्टेंबरातच तिच्या तळघरातली, घर ऊबदार ठेवणारी तेलाची भट्टी बंद पडली. जुनी होती, दुरुस्त होण्यातली नव्हती. रेनोचा फोन आला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात तव्यावर प्लॉय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, घालत होते. ती काकवी काढत होती. फोन तिने कानापासून लांब धरला, कारण रेनो ओरडतच बोलतो.

"आई, आता पुरे. हिवाळ्यात तिथे गोठून मरशील. खोली तयार आहे, ये इकडे."

"तळघरात लाकडाची शेगडी बसवते मी. माझ्या बापाकडे होती. कुणी गोठलं नाही."

"विमेवाले घराचा विमा रद्द करतील! शेगडी तपासून कागद दिला तरच चालतं."

"मग देतील कागद."

रेनो म्हणाला, "ठीक आहे. एक नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणापर्यंत कागद आला तर राहा. नाही आला तर मी गाडी घेऊन येतो, आणि तू गाडीत बसायचं. बोल."

मातांतने माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार होते ना. "बसते," ती म्हणाली.

दिलेला शब्द ती मोडत नाही. म्हणजे आता तिचं घर त्या एका कागदावर उभं होतं.

शेगडी बसवणारा माणूस आमच्याकडे एकच, ओनेझिम देग्ल. सत्तरीला टेकलेले, उंच, बोलणं मोजकं. अर्ध्या गावाची धुराडी त्यांच्या हातची. पण मातांतच्या दृष्टीने त्यांच्यात एक खोट होती. ते रेनोचे धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच त्याला हातात धरलं होतं, आणि आमच्याकडे ते नातं तेवढ्यावर संपत नाही. पोराच्या लग्नात, भांडणात, नोकरीत धर्मबाप असतोच. रेनो दर रविवारी त्यांना फोन करायचा.

"आईला आठवड्यातून एकदा, धर्मबापाला पण एकदा," ती मला म्हणाली. "आईशी पाच मिनिटं. तिकडे अर्धा तास. अर्धा तास काय बोलतात गं?"

"हॉकी."

"हॉकी कुणी अर्धा तास बोलतं?"

आमच्या गावात बोलतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओनेझिम आले. बिडाची काळी शेगडी त्यांच्या दोघा पुतण्यांनी आधीच उतरवून दिली होती. ते आधी धुराड्यापाशी गेले. तळाशी राख काढायचं छोटं लोखंडी दार असतं, ते उघडून त्यांनी खिशातला आरसा आत धरला.

"ये, बघ. वरपर्यंत साफ आहे. आभाळ दिसतंय."

मातांतने वाकून पाहिलं. आरशात खरंच आभाळाचा एक निळा चौकोन होता.

"आरसा तुझा आहे," ती म्हणाली.

"मग?"

ती वर गेली आणि आपल्या पावडरच्या डबीतला आरसा घेऊन आली. त्यातही तेच आभाळ दिसलं. ती बराच वेळ बघत राहिली, जणू दोन आभाळं ताडून पाहतेय.

"समाधान झालं?" ओनेझिम म्हणाले.

"धुराड्याला तडा गेलाय असं का नाही म्हणालास?"

"तडा नाहीये म्हणून."

हे उत्तर तिला अजिबात आवडलं नाही. सरळ उत्तराने तिचा संशय वाढायचाच.

मग ओनेझिमनी पाइप जोडायला घेतले. पत्र्याचे तीन सरळ तुकडे आणि वर धुराड्याकडे वळणारा एक कोपर. प्रत्येक तुकड्यावर त्यांनी पांढऱ्या खडूने एक, दोन, तीन असे मोठे आकडे घातले, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. पाइपचं एक तोंड साधं असतं, दुसऱ्याला चुण्या घालून ते थोडं बारीक केलेलं असतं, म्हणजे एकात एक बसतं. ते बारीक तोंड त्यांनी प्रत्येक वेळी खालच्या बाजूला ठेवलं. मातांत पायरीवर बसून बघत होती. पट्ट्यापाशी उभी असायची तशीच नजर.

"बारीक तोंड खाली का?"

"तसंच असतं."

"धूर वर जातो."

"जातो."

"मग बारीक तोंड वर पाहिजे. नाहीतर प्रत्येक सांध्याला धूर बाहेर येईल. हे लहान पोरालाही कळतं."

"देलिमा, मी चाळीस वर्षं शेगड्या बसवतोय."

"आणि छत्तीस वर्षं रेनोचा धर्मबाप आहेस," ती म्हणाली.

ओनेझिमना याचा अर्थ लागला की नाही, देव जाणे. जाताना ते एवढंच म्हणाले, "पहिले काही दिवस लहान जाळ ठेव. शेगडीचा रंग बसू दे. विम्याचा माणूस पुढच्या गुरुवारी येतोय, दहा वाजता." ते गेल्यावर ती मला म्हणाली, "ऐकलंस? लहान जाळ ठेव म्हणे. म्हणजे मला कळायलाच नको धूर कुठून येतो ते."

पुढचे चार-पाच दिवस तिच्याकडून हाक आली नाही. धुराड्यातून बारीकसा धूर निघताना दिसायचा. मला वाटलं, चला, जमलं सगळं.

बुधवारी सकाळी ती माझ्या मागच्या दारात उभी. अंगावर एलफेजचं जुनं जाकीट, हात काळे.

"चल. तू कॉलेजात शिकलीस, तू साक्षीला पाहिजेस. ओनेझिमने डाव साधला."

तळघरात डांबरासारखा उग्र वास भरला होता. शेगडीच्या माथ्यावर आणि खाली काँक्रीटवर काळे चिकट थेंब पडले होते. पाइपच्या बाहेरून काळ्या पाण्याचे ओघळ सुकलेले दिसत होते, प्रत्येक सांध्यातून खाली आलेले.

"उद्या विमेवाला हे बघेल आणि कागदावर काट मारेल," ती म्हणाली.  "मग रेनो गाडी घेऊन दारात. सगळं ठरलेलं. मी अडतीस वर्षं सडका माल ओळखला, आणि घरात आलेला ओळखूनही घेतला."

 मी पाइपकडे बघत होते. मधल्या सांध्याला दोनच स्क्रू होते, त्यातला एक तिरका. शेगडीच्या तोंडावर पाइप ठोकून ठोकून बसवलेला, पत्रा दबलेला. ओनेझिमच्या हाताला असं काम शोभत नाही. मग खडूच्या आकड्यांकडे लक्ष गेलं.

"मातांत," मी हळूच म्हटलं, "हा दोनचा आकडा डोक्यावर उभा आहे."

तिने जाकिटाला हात पुसले.

"एक आणि तीनसुद्धा."

ती शेगडीकडे पाठ करून सरपणाच्या थप्पीकडे गेली आणि उगाचच एक ओंडका सरळ करू लागली.

"कधी उलटवलेस?"

"तो गेला त्याच संध्याकाळी," ती म्हणाली. "एलफेजच्या स्टुलावर चढून. धूर बाहेर येऊ नये म्हणून. आणि धूर आलाच नाही, बघ! एक रेघ नाही. हे पाणी कुठून आलं?"

"ते मला माहीत नाही. ओनेझिमना माहीत असेल."

"त्याला बोलवायचं? म्हणजे रेनोलाच बोलवायचं."

मी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या दहाला माणूस येतोय. तुला दुसरं कुणी माहीत असेल तर सांग, मी फोन लावते."

 हातातला ओंडका तिने तीनदा फिरवून पाहिला, निळी खूण होती त्यावर. मग जिना चढून ती वर गेली आणि मी तिचा आवाज ऐकला: "ओनेझिम? देलिमा. ये. नाही, फोनवर नाही सांगत. फोनवर तू खूप बोलतोस असं ऐकलंय."

ओनेझिम वीस मिनिटांत आले. पाइपकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं.

"एकटीने काढलेस?"

"मग काय तुझ्या पुतण्यांना बोलावू?"

"एकाहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढून?" त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पडली असतीस म्हणजे रेनोचं काम सोपं झालं असतं."

"म्हणजे काम आहे! ऐकलंस गं?" ती माझ्याकडे वळली. "बोल आता, ओनेझिम. या पोरीसमोर बोल. त्याने तुला काय सांगितलं?"

मला वाटलं ते उडवून लावतील. पण ओनेझिम पायरीवर बसले.

"तडा गेलाय म्हणून सांगा, असं म्हणाला. तेवढंच सांगा, बाकी मी आईला समजावतो."

 मातांतने डोळे मिटले. इतकी वर्षं तिला संशय यायचा तेव्हा तो खरा ठरावा असं तिला वाटत असणार. त्या क्षणी मात्र तसं दिसलं नाही.

"आणि तू?" तिने विचारलं.

"मी म्हटलं, बघतो. बघितलं. धुराडं चांगलं निघालं. आता काय, हातोडा मारून फोडू?"

"मग उलटा पाइप कशाला बसवलास?"

"सुलटा बसवला होता, बाई! उलटा तू केलास." ते उठले. "पाइपातून नुसता धूर जात नाही. जाळ लहान असला की धुराचं पाणी होतं, काजळीचं. ते वरून खाली येतं. बारीक तोंड खाली असलं की ते आतल्या आत उतरून शेगडीत जातं, जळून जातं. वर असलं की सांध्यातून बाहेर."

"हे तू म्हणतोस."

"हो, मीच म्हणतोय. दुसरं कोण आहे इथे?"

मातांत वर गेली. परत आली तेव्हा हातात सकाळच्या गार चहाची किटली होती. उरलेल्या पाइपचे दोन हातभर तुकडे कोपऱ्यात पडले होते. तिने ते एकात एक बसवले, बारीक तोंड वर करून, आणि ओनेझिमना धरायला लावले. वरून चहा ओतला. निम्मा चहा सांध्यातून बाहेर येऊन ओनेझिमच्या बुटांवर सांडला. मग तिने तुकडे फिरवले. पुन्हा ओतला. या वेळी सगळा चहा खालच्या बादलीत पडला, बाहेरून पत्रा कोरडा.

तिने पत्र्यावरून बोट फिरवलं. बोट बघितलं.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

"चहा संपला," ओनेझिम म्हणाले. "आणि माझे मोजेही भिजले."

दुपारभर आम्ही तिघांनी पाइप उतरवले, घासले, सुलटे बसवले. दबलेला तुकडा ओनेझिमनी घरून नवा आणला. मातांतने प्रत्येक सांध्याचे स्क्रू मोजले. तीन, तीन, तीन. एकदा मी तिला म्हटलं, जरा बस, तर म्हणाली, "बसायला कनेक्टिकटला खोली तयार आहे."

गुरुवारी विम्याचा माणूस आला, मिस्टर पर्किन्स म्हणून, दक्षिणेकडचा, तरुण. त्याने टेप लावून पाइपापासून तुळयांचं अंतर मोजलं. त्याच्या मागे मातांत, आणि त्याच्या टेपमागे तिची टेप. त्याने आरसा काढला तेव्हा ती पुढे झाली. "हा घ्या, स्वच्छ आहे," म्हणून तिने आपली पावडरची डबी पुढे केली. त्याने बिचाऱ्याने तीच वापरली.

सगळं बघून तो म्हणाला, "एक गोष्ट आहे."

मातांतने जिन्याचा कठडा धरला.

"सरपणाची थप्पी शेगडीच्या फार जवळ आहे. तीन फूट मागे घ्या. बाकी काम उत्तम आहे. कुणी केलं?"

ओनेझिम कोपऱ्यात उभे होते. 

"याने," मातांत म्हणाली. "मी लक्ष ठेवून होते."

थप्पी आम्ही तिथल्या तिथे हलवली, तो थांबला, पुन्हा मोजलं आणि सही केली. मातांतने कागद खिडकीपाशी नेऊन वाचला. मग मला वाचायला दिला, मागची बाजूसुद्धा. सही त्याच्याच नावाची आहे का, हेही विचारलं. होती.

पर्किन्सची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर तिने फोन फिरवला. रेनो कामावर होता, बोलवायला वेळ लागला. ओनेझिम बुटांचे बंद बांधत दारात थबकले.

"रेनो? आई. कागद आला." तिकडून काहीतरी लांबलचक ओरडणं झालं. तिने ते संपू दिलं. "अरे, तुझा धर्मबाप काही कामाचा नाही. एवढं साधं काम सांगितलंस, एक तडा पाडायचा, तेवढाही पाडता आला नाही त्याला."

तिकडे एकदम शांतता झाली. फोन इतका वेळ गप्प राहिलेला मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकला.

"रडू नकोस," ती म्हणाली. "नाताळला ये. खोली तयार आहे. ऊब आहे. गाडी बाहेर ठेव."

तिने फोन ठेवला, जाकिटाच्या बाह्या वर केल्या आणि लाकूड घालायला खाली गेली. ओनेझिमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तेही बूट न काढताच तिच्यामागे जिना उतरले. खालून तिचा आवाज आला, "आता मोठा जाळ चालेल ना? की त्यातही काही आहे?"