गाडी कोण चालवत होतं?

शाळांचे गणवेश कापून कापून मास्तरांची मान कायमची एका बाजूला झुकली होती. शिंपीकाम करणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, तसे त्यांनाही म्हणत. खरं नाव घरच्या वीजबिलावर तेवढं उरलं होतं. त्याच न्यायानं त्यांची बायको गल्लीची मास्तरीणबाई झाली. काज, बटणं, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं तिच्याकडे. कापणं आणि चिडणं मास्तरांकडे. लग्नापासूनची वाटणी, आणि दोघांनी ती कधी मोडली नाही.

पुढे मास्तरांचा गुडघा धरला. मशीन कसंबसं चाले, पण गाडीचा क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. शाळांना गणवेशाचे गठ्ठे पोचवायला म्हणूनच तर जुनी गाडी घेतली होती. आता गाडी दाराशी उभी आणि गठ्ठे दुकानात पडून. एके दिवशी इस्त्री उभी करून ठेवत मास्तरीणबाई म्हणाली, "मी शिकू का?"

मास्तर हसले. "पन्नाशीला आलीस. आता स्टिअरिंग धरतेस?"

"सुई दिसायला चष्मा लागतो मला. रस्ता काय, चांगला रुंद असतो."

आणि शिकली की. क्लासच्या गाडीत सगळी कॉलेजातली पोरं, त्यात ही. पहिल्या परीक्षेला गाडी मागे घेताना खांबाला टेकवली आणि नापास झाली. घरी येऊन भांडी घासली, दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लासला. लायसन्स आलं तेव्हा तिनं ते देवापुढे ठेवलं आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली. काय बोलली ते तिला आणि देवाला ठाऊक.

उंचीनं ती बेताचीच. मास्तरांनी गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाची एक घट्ट उशी शिवून दिली, पाठीशी ठेवायला. सीट पार पुढे ओढली. मग काय, शाळेचा शिपाई फाटक उघडता उघडता म्हणायचा, "आल्या आल्या, पायलटबाई आल्या!" ती लाजायची, पण त्या शाळेला जायच्या दिवशी वेणी जरा नीट घालायची. मास्तर बाजूला बसत. सुरुवातीला दाराचा दांडा घट्ट धरून, नंतर नुसते हात मांडीवर ठेवून, आणि पुढे पुढे तर चक्क डुलक्या घेत. बायकोच्या गाडीत ज्याला झोप लागते, त्यानं तिला आणखी कुठलं प्रशस्तिपत्र द्यायचं?

अपघात झाला त्या दिवशी मात्र ते जागे होते. शाळेत भरणारा सुट्टीतला छंदवर्ग नुकताच सुटला होता. फाटकातून दोन चिमुरड्या एकमेकींचा हात धरून धावत रस्त्यात आल्या. मास्तरांच्या तोंडून शब्द निघायच्या आत मास्तरीणबाईनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागून येणाऱ्या सामानाच्या व्हॅनला तेवढं जमलं नाही. दाणकन आवाज झाला, गठ्ठे पुढच्या सीटवर आदळले. तरी तिचा पाय ब्रेकवरून हलला नाही. गाडी वीतभर पुढे सरकली नाही. मुली पलीकडे पोचल्या, तेव्हाच तिनं पाय उचलला. मग आधी मास्तरांना विचारलं, "लागलं का हो?" आणि मग मागे वळून गठ्ठ्यांकडे बघितलं.

व्हॅनवाला खाली उतरून हात जोडत होता, "माझंच चुकलं, ताई." पण त्याच्या गाडीचा विमा कधीच संपलेला. त्याच्या अंगावरचा शर्टही कोपरावर विरलेला. मास्तरीणबाई म्हणाली, "जाऊ द्या त्याला. आपला विमा आहे ना?" होता. त्यातूनच दुरुस्ती करायची ठरली.

गॅरेजवाला जुन्या ओळखीचा. मागचा बंपर तुटलेला, डिकीचं झाकण आत गेलेलं, एक दिवा लोंबत होता. त्यानं भोवती एक चक्कर मारली आणि मास्तरांना बाजूला घेतलं.

"गाडी कोण चालवत होतं?"

"ही."

"मास्तर, तसं सांगू नका. विमावाले बाई म्हटलं की शंका काढतात. गाडी महिनाभर इथंच पडून राहील. तुमचं लायसन्स आहे ना? मग मीच चालवत होतो म्हणा, विषय संपला."

शाळा उघडायचे दिवस होते, गठ्ठे अडले असते. आणि मास्तरांचा धंदाच असा, की शिवण जरा चुकली तर ती आत दाबून टाकायची; वरून कोणाला दिसत नाही, अंगाला टोचतही नाही. तसंच हेही, असं त्यांना वाटलं. रात्री त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "खोटं कशाला पण?" एवढंच म्हणाली. "अगं, नावापुरतं," मास्तर म्हणाले. ती पुन्हा भाजी चिरू लागली.

दुसऱ्या दिवशी विम्याचा सर्व्हेअर यायचा होता. म्हणजे नुकसान तपासून किती खर्च विम्यातून द्यायचा ते ठरवणारा माणूस. आली ती एक तरुण मुलगी. पाठीला सॅक, पायात बूट. गॅरेजवाल्यानं घसा खाकरला. तिनं डिकीखाली वाकून फोटो काढले, चाकं बघितली, मग दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. तिचे स्वतःचेच गुडघे स्टिअरिंगला लागले. पाठीमागची उशी तिनं हातानं चाचपली आणि उंच्यापुऱ्या मास्तरांकडे पाहिलं.

"काका, गाडी कोण चालवत होतं?"

"मी," मास्तर म्हणाले.

"नक्की ना? काकू चालवत असतील तरी काही अडत नाही बरं का. लायसन्स चालू असलं की झालं. धडक मागून बसलीये, चूक तुमची नाहीच. मी फक्त खरं ते लिहिते."

खरं सांगायला दार उघडंच होतं की. पाऊल टाकायचं तेवढं बाकी होतं. मास्तरीणबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि मास्तरांना ठाऊक होतं, ती आपल्याकडेच बघतेय. पण गॅरेजवाला बघत होता, त्याचे कामगार बघत होते. बोललेला शब्द सगळ्यांदेखत कसा मागे घ्यायचा? तो मागे घ्यायचं सोडून मास्तरांनी त्याच्यावर आणखी एक टाका मारला.

"छे हो! ही कुठली चालवतेय! ही बाजूला बसून डोळे मिटून देवाचं नाव घेत असते."

सगळे हसले. गॅरेजवाला तर जास्तच. मास्तरही हसले. मास्तरीणबाईसुद्धा हसली, गिऱ्हाइकाला ब्लाउज आवडला नाही, की जशी हसायची तशी. ती मुलगी तेवढी हसली नाही. तिनं एकदा काकूंकडे बघितलं, वाट पाहिली आणि लिहून घेतलं.

क्लेम बिनबोभाट मंजूर झाला. गाडी आली ती नवी नवरी असावी तशी. नवा बंपर, नवं झाकण, रंग असा जुळवलेला की जोड ओळखू येऊ नये. गॅरेजवाल्यांनी आतून धुऊनपुसून काढताना सीट मागे ढकलली होती आणि उशी डिकीत टाकली होती. मास्तरांनी हौसेनं चावी पुढे केली.

"चल, देवळापर्यंत एक चक्कर मारू."

ती वळसा घालून बाजूच्या सीटवर जाऊन बसली.

"अगं, इकडे ये ना."

"मी कुठली चालवतेय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मास्तरांना तेच जास्त लागलं.

त्यांना वाटलं, चार दिवसांनी निवळेल. शाळा उघडल्या. गठ्ठे न्यायला टेंपो सांगावा लागला. शिपायानं टेंपोवाल्याला विचारलं म्हणे, "आमच्या पायलटबाई कुठंयत?" मास्तरांनी हे घरी सांगितलं, अगदी रंगवून सांगितलं. ती इस्त्री फिरवत राहिली. मग मास्तर गॅरेजवर गेले आणि सगळ्यांपुढे म्हणाले, "त्या दिवशी गाडी हिच्या हातात होती. हिनं दोन मुली वाचवल्या." गॅरेजवाला म्हणाला, "मास्तर, ते काय आम्हाला कळलं नव्हतं होय? सीटवरनंच कळलं होतं." म्हणजे खोटं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरीही सगळे हसले होते. घरी येऊन हे सांगायचं तर काय सांगायचं?

शेवटी एका दुपारी दुकानात कोणी नसताना मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"माझं चुकलं गं."

तिनं बटणाचा दोरा दातानं तोडला. "चुकलं म्हणालात, बरं वाटलं. देवाला सांगून झालं होतं माझं, तुमच्यावर राग नाही म्हणून."

"मग चालव ना."

"कसं सांगू? धडक बसली तेव्हा मला भीती नाही वाटली. पाय आपोआप दाबून धरला होता. तुम्ही सगळे हसलात ना, तेव्हा वाटली. आता त्या सीटकडे बघितलं की वाटतं, खरंच मी चालवत होते का? तुम्ही बाजूला होतात. बघणारं दुसरं कोण होतं?"

"मी रोज बाजूला बसेन. सकाळी, रस्त्यावर कोणी नसताना. झोपणार नाही," मास्तर म्हणाले. एरवी ती या वाक्याला खळखळून हसली असती.

"बघू," ती म्हणाली.

कापड कमी पडलेलं असतं, कपडा अंगावर बसणार नाही हे दिसत असतं, पण गिऱ्हाइकाचं मन मोडवत नाही, तेव्हा ती असंच 'बघू' म्हणते. इतकी वर्षं तो शब्द मास्तरांनी कापायच्या टेबलामागून ऐकला होता. त्या दुपारी पहिल्यांदाच ते गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे होते.